लेव्हलिंग किटनंतर एफ-१५० चा टायर घासतो आणि हवेचा दिवा लुकलुकतो: आधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहणाऱ्या एकांकडे २०१८ ची फोर्ड एफ-१५० पिकअप आहे, सुपरक्रू (मोठी, चार दारांची केबिन), फोर-बाय-फोर. मूळ टायर २७५/६५ आर १८ (रुंदी मिमीत, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत). त्यांनी पुढे २ इंची लेव्हलिंग किट (गाडीचं नाक उचलून मागच्या पातळीला आणणारं) घातलं, १८ बाय ९ ची शून्य ऑफसेटची व्हील्स घेतली आणि त्यावर एलटी २८५/७५ आर १८, लोड रेंज ई (हलक्या ट्रकचे, जास्त भार पेलणारे) टायर चढवले. आता स्टेअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर घासतो, रिव्हर्समध्ये जास्तच. डॅशवरचा टायरचा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग पेटून राहतो. हवा ६० पीएसआय भरून मिळाली आहे आणि गाडी दगडासारखी आपटते. दुकानदार म्हणतो आणखी एक इंच उचला, आणि दिव्याकडे लक्ष देऊ नका.

तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण त्यात तीन आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी. घासणं हा मापांचा मामला, दिवा हा सेन्सरचा, आणि आपटणं हा हवेचा. गोंधळ होतो तो तिन्ही एकाच दिवशी सुरू झाले म्हणून. किती कापावं लागेल, व्हील्स बदलावी लागतील की नाही, हे तुमच्या गाडीवर नेमकं कुठे घासतंय त्यावर ठरेल. एकाच साच्यातल्या दोन एफ-१५० मध्येही पाच-सात मिलिमीटरचा फरक सापडतो. पण आणखी एक इंच उचलून हे सुटणार नाही, एवढं गाडी न बघताही सांगता येतं.

आधी मापं. २७५/६५ आर १८ चा व्यास ८१४.७ मिमी, म्हणजे ३२ इंचाला किंचित जास्त. २८५/७५ आर १८ चा व्यास ८८४.७ मिमी, म्हणजे ३४.८ इंच, बाजारात याला सरसकट 'पस्तिसी' म्हणतात. व्यास ७० मिमीने वाढला, म्हणजे टायर पुढे, मागे आणि वर प्रत्येकी ३५ मिमी वाढला. टायर बदलताना एवढा हिशोब बहुतेक जण करतात. ऑफसेटचा मात्र सहसा कोणी करत नाही.

तुमच्या मूळ १८ इंची व्हीलची रुंदी ७.५ इंच आणि ऑफसेट अधिक ४४. म्हणजे हबवर बसणारा पृष्ठभाग व्हीलच्या मध्यरेषेपासून ४४ मिमी बाहेरच्या बाजूला. नवीन व्हील शून्य ऑफसेटचं, म्हणजे अख्खं चाक ४४ मिमी बाहेर सरकलं. त्यात रुंदी दीड इंचाने वाढली, त्यामुळे रिमची बाहेरची कड मूळ जागेपेक्षा ६३ मिमी बाहेर आली. आतल्या बाजूला उलट २५ मिमी जागा वाढली. टायरच्या भाषेत सांगायचं तर त्याचा खांदा जवळजवळ दोन इंच बाहेर आला आहे.

चाक सरळ असताना हे नुसतं रुबाबदार दिसतं. वळवल्यावर त्रास सुरू होतो. चाक स्वतःच्या मध्याभोवती फिरत नाही; वरचा आणि खालचा बॉल जॉइंट जोडणाऱ्या रेषेभोवती फिरतं. त्या रेषेपासून चाक जितकं लांब, तितकी त्याची कमान मोठी. स्टेअरिंग साधारण ३० अंशांनी वळलं असं धरा. ४४ मिमी बाहेर गेलेल्या चाकाचा मध्य तेवढ्याने आणखी २२ मिमी पुढे किंवा मागे जातो. डावीकडे वळताना डावं चाक मागे सरकतं आणि उजवं पुढे. म्हणजे टायर मोठा झाल्यामुळे ३५ मिमी आणि ऑफसेटमुळे २२, अशी मिळून ५७ मिमी जागा कमी झाली. मूळ चाकाभोवती तेवढी मोकळीक असती तर तुम्हाला हा प्रश्न पडलाच नसता.

आता दुकानदाराचा इंच. लेव्हलिंग किटने टायर आणि फेंडर यांच्यातलं उभं अंतर वाढतं. वळताना टायर जी आडवी कमान काढतो ती जवळपास तेवढीच राहते. बंपरचा कोपरा आणि केबिनचा खालचा भाग जिथे होते तिथेच असतात. वर आणखी उचललं की पुढच्या एक्सलचे सीव्ही जॉइंट आणि वरचा बॉल जॉइंट जास्त कोनात जातात आणि लवकर झिजतात. पैसे जातील, घासणं तिथेच राहील.

म्हणून पहिलं काम: कुठे घासतंय ते शोधा. आवाजावरून ठरवू नका, चाकाच्या पोकळीत आवाज फसवतो. दोन्ही पुढच्या टायरांच्या खांद्यांवर, आतल्या आणि बाहेरच्या, जाड पांढऱ्या खडूने चारपाच इंच रुंदीचे पट्टे सगळीकडे फिरवून घ्या. मोकळ्या पार्किंगमध्ये चालण्याच्या वेगाने स्टेअरिंग पूर्ण डावीकडे धरून एक फेरी पुढे, एक मागे. मग उजवीकडे तसंच. रिव्हर्समध्ये हलका ब्रेक मारा. पुढे जाताना आणि मागे येताना सस्पेन्शनचे रबरी बुश वेगवेगळ्या दिशेला दबतात आणि चाक काही मिलिमीटर हलतं, म्हणूनच तुम्हाला रिव्हर्समध्ये जास्त ऐकू येतं. शेवटी एक पुढचं चाक हळूच उतरत्या फुटपाथावर किंवा भक्कम फळीवर चढवून, सस्पेन्शन दाबलेल्या अवस्थेत स्टेअरिंग वळवा. मग उतरा आणि टॉर्च घेऊन बघा: खडू कुठे लागला आणि टायरवरून कुठे पुसला गेला.

खडू लागलेली जागाच पुढचं काय ते सांगते.

पुढे, म्हणजे बंपरच्या खालच्या कोपऱ्यावर किंवा त्याखाली लोंबणाऱ्या काळ्या प्लॅस्टिकच्या एअर डॅमवर लागला असेल, तर हा सगळ्यात सोपा प्रकार. एअर डॅम काढता येतो. महामार्गावर मायलेज किंचित कमी होईल एवढंच. बंपरखालचं प्लॅस्टिक लागेल तेवढंच कापा. आधी मास्किंग टेपने रेघ आखा, कापा, चालवून बघा, लागलं तर पुन्हा कापा. एका झटक्यात दोन इंच उडवू नका.

मागे, म्हणजे मडफ्लॅपवर किंवा चाकाच्या पोकळीच्या मागच्या काळ्या लायनरवर लागला असेल, तर आधी मडफ्लॅप काढून बघा. बऱ्याच गाड्यांचं घासणं तिथेच संपतं. तेवढ्याने भागलं नाही तर लायनर हीट गनने मऊ करून मागे दाबता येतो. गन एका जागी धरायची नाही, हलवत ठेवायची; प्लॅस्टिक चमकायला लागलं की जाड फडक्याने दाबायचं आणि गार होईपर्यंत सोडायचं नाही. घाईत सोडलं की ते परत पुढे येतं. लायनर मागे बांधायला नुसता प्लॅस्टिकचा टाय पुरत नाही, एक-दोन स्क्रू लावा.

लायनरच्या मागे केबिनच्या पत्र्याची दुमडलेली कड असते. जुन्या पोलादी गाड्यांवर ती हातोड्याने चपटी करतात आणि रंग मारतात. तुमच्या गाडीवर ते करू नका. २०१५ पासूनच्या एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे. दुमडलेली कड ठोकली की तडकते, आणि पोलादी हातोड्याचे कण तिच्यात रुतून बसले की पुढे तिथे गंजासारखा पांढरा भुगा धरतो.

आणि एक गोष्ट अजिबात कापायची नाही. पुढच्या चाकांच्या आसपास चॅसीला जोडलेले लोखंडी अडथळे असतात. मोठे टायर बसवणारे त्यांना 'क्रॅश बार' म्हणतात आणि ग्राइंडरने सर्रास उडवतात. समोरचा फक्त एक कोपरा धडकणाऱ्या टकरीत चाक केबिनमध्ये घुसू नये म्हणून ते दिलेत. २०१५ मध्ये फोर्डने ते आधी फक्त सुपरक्रूला दिले, आणि आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेच्या टक्कर-चाचणीत सुपरक्रू व सुपरकॅब (लहान केबिन) यांच्यात पडलेला फरक सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर ते इतर केबिनांनाही आले. टायर तिथपर्यंत पोचत असेल तर चुकीचा टायर किंवा चुकीचं व्हील घेतलंय असं समजा.

आत, म्हणजे वरच्या आर्मवर, स्वे बारवर किंवा चॅसीच्या रेलवर खडू लागणं तुमच्या शून्य ऑफसेटवर जवळपास अशक्य आहे. पण उद्या तुम्ही जुन्या अधिक ४४ च्या व्हील्सवर हेच टायर चढवायचं ठरवलंत तर नेमकं तिथेच लागेल. म्हणून 'मूळ व्हील्स परत घाला' हा सल्लाही अर्धवट.

माझ्या मते तुमच्या टायरला योग्य व्हील अधिक १८ ते अधिक २५ ऑफसेटचं. नऊ इंच रुंद, अधिक १८ धरलं तर चाक मूळ जागेपेक्षा २६ मिमी बाहेर जातं. वळताना पुढेमागे सरकणं २२ ऐवजी १३ मिमी. तरीही आतल्या बाजूला रिमची कड मूळपेक्षा ७ मिमी मोकळीच राहते, आणि टायर आर्मपासून लांब राहतो. हबवरचा भारही कमी: चाक बाहेर गेलं की बेअरिंग आणि बॉल जॉइंटवर तरफेसारखा जोर येतो, खड्ड्यात स्टेअरिंग हिसके मारतं. व्हील्स परत घेतली जात असतील तर हाच मार्ग घ्या. परत होत नसतील, आणि खडू फक्त प्लॅस्टिकवर लागला असेल, तर कापाकापीने निभावेल.

एखाद्याला टायरच बदलायचे असतील तर एलटी २७५/७० आर १८ हा सरळ पर्याय. व्यास ८४२ मिमी, म्हणजे ३३.२ इंच. मूळ व्हील्सवर, किट असो वा नसो, सहसा काहीही न कापता बसतो.

व्हील्स घेताना आणखी तीन गोष्टी तपासा, कारण इथे चूक झाली तर थरथर येते आणि दोष उगाच टायरवर जातो. तुमच्या गाडीचा बोल्टचा नमुना सहा बोल्ट, १३५ मिमी. काही व्हील्सना दोन्ही नमुन्यांची भोकं पाडलेली असतात, १३५ आणि १३९.७, आणि मधलं भोक मोठं असतं. तुमच्या हबचं माप ८७.१ मिमी आहे, तेव्हा मधे त्याच मापाची रिंग बसवून घ्या. नट १४ मिमी जाडीचे, दीड मिमी आट्यांचे, आणि नटाचा उतार व्हीलच्या खळगीशी जुळणारा हवा. आवळायचे १५० फूट-पौंडांवर, टॉर्क पान्याने, तारेच्या क्रमाने. इम्पॅक्ट गनने 'टर्रर' करून सोडणाऱ्याला तिथेच थांबवा.

अलाइनमेंट करून घेतली नसेल तर आधी ती करा. गाडी पुढून उचलली की टो (चाकांची पुढची टोकं आत-बाहेर वळणं) बिघडतो आणि कॅस्टर (बॉल जॉइंटांच्या रेषेचा मागे कल) कमी होतो. नवीन टायरांची आतली किंवा बाहेरची कड ३,००० मैलांत साफ होऊ शकते. मशीनवरच्या माणसाला नुसतं 'हिरव्यात आणा' म्हणू नका. खडू मागे लागत असेल तर कॅस्टर मर्यादेच्या वरच्या टोकाला धरायला सांगा. त्याने खालचा बॉल जॉइंट थोडा पुढे जातो, चाकही पुढे सरकतं, आणि मागची जागा काही मिलिमीटर वाढते. खडू पुढे लागत असेल तर हाच उपाय उलटा पडेल, म्हणून आधी खडू, मग अलाइनमेंट.

इथपर्यंत घासण्याचं झालं. आता दिवा.

हा दिवा दोन वेगवेगळ्या भाषांत बोलतो. गाडी चालू केल्यापासून स्थिर पेटला तर हवा कमी आहे. मिनिटभर, कधी सवा मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेलाच काहीतरी झालंय; हवा कितीही बरोबर असली तरी तो विझणार नाही. तुमचा दुसरा प्रकार आहे. म्हणजे एक किंवा जास्त सेन्सर गाडीला ऐकूच येत नाहीत. हवा भरून-काढून पंप झिजवण्यात अर्थ नाही.

कारणं चार. व्हील्समध्ये सेन्सर बसवलेच नसतील. नवीन व्हील्सच्या सौद्यात साधे रबरी व्हॉल्व्ह लावून मोकळं होणारी दुकानं आहेत. किंवा जुने सेन्सर काढून बसवले आणि त्यांची बॅटरी संपली. ती आतच बंदिस्त असते, बदलता येत नाही, आणि साधारण सात ते दहा वर्षं चालते. २०१८ च्या गाडीचे मूळ सेन्सर आता त्याच वयात आहेत. चार टायर उतरवलेले असताना जुने सेन्सर परत बसवणं म्हणजे पुढच्या वर्षीची मजुरी आजच ठरवून ठेवणं. तिसरं, सेन्सर नवीन पण चुकीचे: अमेरिकेतल्या तुमच्या गाडीला ३१५ मेगाहर्ट्झचे लागतात, ४३३ चे कितीही चांगले असले तरी मुकेच. किंवा कोरे, 'प्रोग्रॅम करता येणारे' सेन्सर घेतले आणि त्यांच्यात फोर्डची भाषा भरलीच नाही. चौथं आणि सगळ्यात साधं: सेन्सर बरोबर आहेत, पण गाडीला त्यांची ओळख करून दिलेली नाही.

कोणतं कारण आहे हे टायर न उतरवता कळतं. टीपीएमएस (टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) टूल असलेल्या कुठल्याही टायरवाल्याकडे जा. ते टूल व्हॉल्व्हजवळ धरलं की १२५ किलोहर्ट्झचा इशारा देऊन सेन्सरला जागं करतं आणि त्याचा क्रमांक, दाब, तापमान आणि बहुतेक वेळा बॅटरीची अवस्था वाचतं. चारही चाकं बोलली तर फक्त ओळख करून द्यायची आहे. एखादं गप्प बसलं तर ते चाक उघडायचं.

ओळख करून देणं तुम्ही घरीही करू शकता. आधी गाडी २० मैलांच्या वर दोनेक मिनिटं चालवा म्हणजे झोपलेले सेन्सर जागे होतील. उभ्या गाडीत ते बॅटरी वाचवायला जवळजवळ गप्प असतात. सपाट जागी थांबा, पंप हाताशी ठेवा. इग्निशन बंद करा. मग इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करा आणि दहा सेकंदांच्या आत हॅझर्डचं बटण तीनदा चालू-बंद करा. हॉर्न एकदा वाजला आणि पडद्यावर डाव्या पुढच्या टायरचा संदेश आला की गाडी शिकायला बसली असं समजा. डाव्या पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हजवळ टूल धरून दाबा. टूल नसेल तर व्हॉल्व्हची टोपी काढून पिन दाबा आणि हॉर्न वाजेपर्यंत हवा सोडत राहा. हॉर्न एकदा वाजला की पुढचं चाक: उजवं पुढचं, मग उजवं मागचं, मग डावं मागचं. क्रम हाच, आणि दोन चाकांत दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको. हॉर्न दोनदा तुटकतुटक वाजला तर डाव फसला. इग्निशन बंद करून पहिल्यापासून. सगळं जमलं की हवा परत बरोबर करा. हवा सोडून शिकवण्याचा प्रकार कंटाळवाणा आहे, आणि शेजाऱ्याच्या गाडीचे सेन्सर बारा-पंधरा फुटांवर नुकतेच येऊन थांबले असतील तर गाडी भलत्याचाच क्रमांक उचलू शकते. फोर्डचं साधं टूल स्वस्तात मिळतं. दर हंगामात चाकं बदलणाऱ्याने ते घ्यावंच.

हिवाळ्याचे टायर वेगळ्या व्हील्सवर ठेवणार असाल तर आणखी सोपं: नवीन सेन्सरमध्ये जुन्यांचेच क्रमांक नकल करून घ्या. मग चाकं बदलली तरी गाडीला काही सांगावं लागत नाही. फक्त दुसरा संच ट्रकच्या मागच्या हौद्यात टाकून प्रवास करू नका. एकाच क्रमांकाचे दोन सेन्सर एकाच वेळी बोलले की आकडे उड्या मारतात.

बसवताना व्हॉल्व्हचाही विचार करा. साधा रबरी, दाबून बसवायचा व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच्या कामाचा. जड ट्रेलर ओढायला मागच्या टायरांत त्याहून जास्त हवा भरणार असाल तर धातूचा, नटाने आवळायचा घ्या. त्यात निकेलचा मुलामा दिलेला गाभाच टाका. डेन्व्हरच्या रस्त्यांवर बर्फ वितळवायला जे क्षार टाकतात त्यांत पितळी गाभा ॲल्युमिनियमला असा चिकटतो की हवा भरायला गेलात तर व्हॉल्व्हच तुटून हातात येतो. टोपीसुद्धा प्लॅस्टिकची बरी. आणि टायर चढवणाऱ्याला सेन्सरची जागा आधी दाखवा. मशीनचा दांडा त्याच्यावरून गेला की काम संपलं.

दिव्याकडे दुर्लक्ष करा हा सल्ला मला पटत नाही, आणि कायद्यालाही पटत नाही. फायरस्टोन टायर आणि फोर्ड एक्स्प्लोरर यांच्या उलटण्याच्या अपघातांनंतर अमेरिकेत २००० मध्ये टीआरईएडी (ट्रेड) नावाचा वाहनसुरक्षेचा कायदा झाला. त्यातून सप्टेंबर २००७ पासून १०,००० पौंडांपर्यंतच्या हलक्या गाड्यांना ही यंत्रणा सक्तीची झाली. चालू असलेली यंत्रणा व्यावसायिक दुकानाने जाणूनबुजून निकामी करणं कायद्याला मान्य नाही. तुमची यंत्रणा व्हील्स बदलण्याआधी चालू होती, तेव्हा सेन्सर बसवून, शिकवून, दिवा विझवून देणं हे त्या दुकानाचंच काम. हे शांतपणे सांगा. बहुतेक दुकानदारांना हा नियम माहीत असतो.

आता हवा. टायरच्या बाजूवर छापलेले ८० पीएसआय म्हणजे तुम्ही भरायची हवा नव्हे. त्या टायरने जास्तीत जास्त भार पेलायला किती लागते तो आकडा. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचे ३५ मूळ टायरसाठी. दोन्ही तुमच्या टायरला थेट लागू नाहीत. दुकानाचे ६० हा मधला अंदाज, त्याला हिशोबाचा आधार नाही.

हिशोब असा. मूळ टायरचा भार निर्देशांक ११४, म्हणजे २,६०१ पौंड. प्रवासी प्रकारचा टायर पिकअपवर लावताना हा आकडा १.१ ने भागतात: २,३६५ पौंड. नवीन टायरने किमान एवढं पेललं पाहिजे. तुमच्या नवीन टायरवर १२९/१२६ असेल; १२९ म्हणजे ८० पीएसआयला ४,०८० पौंड. टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यात २,३६५ च्या वरचा पहिला आकडा शोधा, तो ३५ ते ४० च्या आसपास निघेल. रोजच्या रिकाम्या गाडीला मी ४० पासून सुरुवात करेन. लहान एलटी टायरला मात्र जास्त लागते: मूळ मापाचाच एलटी २७५/६५ आर १८ घेतला तर त्याच भाराला पन्नासच्या जवळ जावं लागतं. म्हणून मित्राच्या गाडीतला आकडा उचलू नका. हौद्यात माल किंवा मागे ट्रेलर असेल तर मागच्या एक्सलचं खरं वजन काट्यावर करून तक्ता पुन्हा बघा.

४० योग्य आहे का हे खडूनेच कळेल. टायरच्या नक्षीवर आडवी रेघ ओढा, सरळ रस्त्यावर पाऊण मैल जा. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडाच पुसल्या तर कमी. दोन-दोन पीएसआयने बदला, पण तक्त्यातल्या आकड्याच्या खाली जाऊ नका.

दाब नेहमी थंड टायरवर, सकाळी. दर १० अंश फॅरनहाइटला साधारण १ पीएसआय फरक पडतो. दुकानाच्या उबदार शेडमध्ये ६५ अंशांना भरलेले ४०, जानेवारीत ५ अंशांच्या पहाटे ३४ असतात. दिवा थंडीच्या पहिल्या झटक्याला पेटला तर आधी हेच.

आणि इथे सेन्सर आणि हवा यांची गाठ पडते. गाडी स्टिकरच्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर ओरडते, म्हणजे ३५ च्या हिशोबाने २६ ला. तुमच्या टायरला ४० हवेत, तर २६ ला ओरडणं फार उशिराचं. लॅपटॉपवर फोरस्कॅन (फोर्ड गाड्यांची मांडणी बदलणारं सॉफ्टवेअर) आणि गाडीच्या निदान-सॉकेटला लागणारा बऱ्यापैकी ओबीडी अडॅप्टर असेल तर बॉडी मॉड्यूल या गाडीतल्या संगणकामध्ये पुढचा-मागचा ठरलेला दाब बदलता येतो. ४० केला तर इशारा ३० ला मिळेल. बदलण्याआधी मूळ मांडणीचा बॅकअप घ्या, आणि त्या वेळी गाडीची बॅटरी चार्जरवर ठेवा. अर्धवट लिहिलेलं मॉड्यूल टो करून न्यावं लागतं.

तिथेच टायरचा घेर पण बदला. व्यास ८.६ टक्क्यांनी वाढलाय, म्हणजे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६५ ला धावते, आणि मैलांचा आकडा कमी भरतो. गिअर बदलण्याच्या वेळाही सुधारतात. एक्सलमधल्या गिअरचं गुणोत्तर ३.५५ असेल तर आता ते ३.२७ सारखं वागेल. घाटात ओढ कमी वाटली तर इंजिनात दोष शोधू नका. हेडलाइट मात्र हातानेच खाली करा, नाक वर गेल्यामुळे समोरच्याच्या डोळ्यांवर येत असतील.

आता क्रम लावतो. या आठवड्यात हवा ४० वर आणा आणि खडूची चाचणी करा, दोन्ही फुकट आहेत. टायरवाल्याकडून चारही सेन्सर वाचून घ्या. मग व्हील्स परत करायची की प्लॅस्टिक कापायचं ते ठरवा. कारण व्हील्स बदलणार असाल तर सेन्सर त्याच वेळी नवीन बसतील आणि टायर दोनदा उतरवावे लागणार नाहीत. अलाइनमेंट त्यानंतर, शेवटी फोरस्कॅन. चाक काढलं की दरवेळी १०० मैलांच्या आत नट पुन्हा १५० ला तपासा.

राहिली स्टेपनी. ती मूळ मापाचीच आहे आणि तिच्यात सेन्सर नाही, तेव्हा ती लावल्यावर दिवा लागणारच. तिचा व्यास नवीन टायरपेक्षा जवळपास पावणेतीन इंच लहान. मागचा टायर पंक्चर झाला तर ती मागे लावू नका. पुढचं मोठं चाक काढून मागे घाला आणि स्टेपनी पुढे, म्हणजे मागच्या एक्सलचा डिफरन्शिअल (दोन चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारा गिअर) सतत फिरत राहणार नाही. गाडी टू-हायमध्येच (फक्त मागची चाकं ओढणाऱ्या मोडमध्ये) ठेवा. आणि जॅक आताच एकदा लावून बघा: गाडी उंच झाली, टायर मोठा झाला, आणि मूळ जॅक तेवढाच आहे. खाली द्यायला जाड लाकडी ठोकळा लागेल, तो सीटखाली टाकून ठेवा.